होमस्कूलिंगचं किट राहू द्या, आधी वाचनालयाचं कपाट उघडायला लावा

हल्ली आमच्या वाचनालयात एक नवीन प्रकारचे पालक यायला लागलेत. दोघंही शिकलेले, लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावाकडं आले ते इथंच राहिले, लॅपटॉपवर नोकरी चालू आहे आणि लेकराला शाळेत घालायचं नाही म्हणतात, घरीच शिकवणार. मग मोबाइलवर एखादं किट दाखवतात, लाकडी ठोकळे, फ्लॅशकार्डं, वर्कशीटचा गठ्ठा, "मॅडम, सहा ते आठ वयाला हे बरं राहील का?" किंमत बघितली की मला माझा पगार आठवतो. मी त्यांना सांगते, किट घेऊ नका. वाचनालयाची वर्गणी भरा, बालविभागाचं कपाट उघडून मागा, आणि उघडत नसतील तर भांडा. वाचनालयात काम करणाऱ्या बाईनंच असं बोलावं हे आमच्यातल्या काही जणांना आवडत नाही, पण खरं ते खरं. मराठवाड्यात लेकरांसाठी पुस्तकं आहेत, ती कुलपात आहेत, आणि तिथून बाहेर निघत नाहीत तोवर तुम्ही घरी शिकवा नाहीतर शाळेत, लेकराच्या वाट्याला गाईड आणि मोबाइलच येणार.

कायद्याचं आधी उरकून घेते कारण पहिला प्रश्न तोच असतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वयाच्या लेकराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम 10 म्हणतं, पण नाही घातलं तर शिक्षा काय हे त्यात नाही, आणि घरी शिकवायला बंदी आहे असंही कुठं लिहिलेलं नाही. परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते, आणि बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर वाडीवस्तीवरसुद्धा माहिती आहे. त्यामुळं दहावीचं काय ही भीती मला फार वाटत नाही. भीती वाटते ती रोज संध्याकाळी लेकराच्या हातात काय असणार याची.

आणि ही संध्याकाळ फक्त लॅपटॉपवाल्यांच्या घरात होत नाही. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातले कोयते निघतात. बाहेरच्यांसाठी सांगते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याकडून, उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परत यायचं. अर्धं शाळेचं वर्ष त्यातच जातं. काही लेकरं बरोबर जातात आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात, धाकट्याला सांभाळतात, वाढं म्हणजे उसाचे शेंडे गोळा करतात. काही गावातच राहतात आज्जीपाशी, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण बऱ्याच ठिकाणी वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला आज्जीचं घर. आता मला सांगा, शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत ते लेकरू घरी जे काय शिकतं किंवा शिकत नाही त्याला काय म्हणायचं? घरी शिकणारी सगळ्यात जास्त लेकरं ही आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी किट काढत नाही.

एका वस्तीवरच्या झेडपी शाळेत आम्ही थोडी चित्रांची पुस्तकं ठेवली होती, घरी न्यायची परवानगी देऊन. तिसरीतली एक पोरगी एक पुस्तक घेऊन गेली, त्यात बैलगाडीचं चित्र होतं. दुसऱ्या दिवशी तिची आज्जीच शाळेत आली पुस्तक हातात घेऊन, मला वाटलं पान फाटलं असेल. तर आज्जीचं म्हणणं, "बाई, ही गाडी कुनी काढली? शिवळा कुठंय? बैल निघून जाईल की मान काढून." चित्रकारानं जू काढलं होतं, जुवाच्या शिवळा, म्हणजे बैलाची मान अडकवून ठेवणाऱ्या खुंट्या, काढल्याच नव्हत्या. आदल्या रात्री नातीनं एकेक अक्षर लावत वाचलं होतं आणि आज्जीनं तिला जू, शिवळा, जुपण्या, आख, आखाला वंगण कशाचं घालायचं, सगळं सांगून टाकलं होतं. आज्जीला अक्षर ओळख नाही. पण त्या पुस्तकावर त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं माझ्यामते दहा वर्कशीटवर होत नाही, आणि पुस्तक होतं सोळा पानांचं, अन् त्यातही चुकीचं.

आता कपाटाकडं येते, कारण घोडं तिथंच अडलंय.

आमच्याकडं सार्वजनिक वाचनालय 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली चालतं. संस्था नोंदणी केलेली, वर्ग अ, ब, क, ड असा, त्याप्रमाणं शासनाचं अनुदान, त्यातलं निम्मं पगाराला आणि निम्म्यात पुस्तकं, पेपर, लाइट, भाडं सगळं. ड वर्गाच्या गावातल्या वाचनालयाला वर्षभराचं जेवढं मिळतं तेवढ्यात लातूरला एक पोरगं नीटच्या क्लासला ठेवून त्याचं राहणं-खाणं निघत नाही, ही परिस्थिती. तपासणीला बालविभाग दाखवावा लागतो, म्हणून तो असतो. एक गोदरेज कपाट, वर पाटी "बालविभाग", आत पुस्तकं एकदम नवी कोरी. उघडून बघा कधी, पहिल्या पानावर संस्थेचा शिक्का आहे, दाखल नंबर आहे आणि शेवटच्या पानावरची देवघेवीची चिठ्ठी कोरी. चावी ग्रंथपालाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची चावी पर्समध्ये.

ग्रंथपाल वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. वर्षाला मोजणी होते, पुस्तक कमी भरलं की सचिव विचारतात, पुढच्या वर्षी तपासणीला साहेब विचारतात, आणि पगार असा की चार पुस्तकांचे पैसे भरून द्यायचे म्हणलं तरी जीवावर येतं. लेकरू म्हणजे फाडणार, हरवणार, त्याच्यावर चहा सांडणार. मग सोपा उपाय, द्यायचंच नाही. मोजणीला सगळी पुस्तकं हजर, तपासणी झकास, आणि वाचलेलं एकही नाही. ग्रंथालयशास्त्राचे मोठे अभ्यासक रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी आहेत हा. आम्ही तो कोर्सला पाठ केलाय, पाच मार्काला येतो.

खरंतर सरकारचाच एक नियम इथं कामाला येतो आणि तो आमच्याकडं फारसा कोणी काढत नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयासाठी लिहिलंय की वर्षभरात जेवढी पुस्तकं वाचायला दिली त्यात हजारामागं पाच पुस्तकं गेली तर तो तोटा रास्त धरावा, अट अशी की त्यात लबाडी किंवा हलगर्जीपणा नसावा. नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, मान्य, आमच्यासारख्या अनुदानित संस्थेला तो आपोआप लागत नाही. पण दिल्लीतल्या साहेबांच्या वाचनालयात पाच पुस्तकं हरवली तर चालतात तर मग लेकरांच्या विभागाला हजारी पन्नास धरा, असा ठराव आपल्या संस्थेत करायला काय हरकत आहे? माझ्या हिशोबानं ज्या बालविभागात एकही पुस्तक फाटलेलं नाही त्याची चौकशी लावली पाहिजे.

दुसरी गोष्ट अभ्यासिका. गेल्या काही वर्षांत आमच्याकडची निम्मी वाचनालयं अभ्यासिका झालीत. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, पोरं सकाळी सहाला येतात, स्वतःची पुस्तकं आणतात, त्यांना आमच्याकडून खुर्ची, पंखा, वायफाय आणि शांतता पाहिजे असते. मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही, शेतीत काही राहिलं नाही म्हणून बिचारे बसतात, आणि त्यांच्या फीवर खूप वाचनालयांचं लाइटबिल निघतं. पण झालं काय की शांतता हीच वाचनालयाची ओळख झाली, आणि लेकरू शांत बसून वाचत नाही, ते मोठ्यानं वाचतं, हसतं, दुसऱ्याला चित्र दाखवायला पळतं. "ए, बाहेर हो" हे पहिलं वाक्य त्याला वाचनालयात ऐकायला मिळतं. निजामाच्या काळात सभा घ्यायला, भाषण करायला परवानगी लागायची तेव्हा इथं वाचनालय म्हणजे लोकांनी एकत्र बसून बोलायची जागा होती, 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाकडून सुटला, त्यानंतर बोलायला परवानगी लागेना झाली तर आता आम्हीच "शांतता राखा" ची पाटी लावून बसलोत. संध्याकाळी साडेचार ते सहा व्हरांडा लेकरांना द्या, सतरंजी टाका, अभ्यासिकेचं दार लावून घ्या. एवढ्याला कुठल्या जीआरची गरज नाही.

मग पुस्तकं कोणती. हे विचारतात तेव्हा लोकांना यादी पाहिजे असते, आणि तीसुद्धा वयाप्रमाणं, लेव्हलप्रमाणं. मी यादी देत नाही, आधी एक पान मोठ्यानं वाचायला लावते. तुमची जीभ अडखळली तर लेकराची अडखळणारच. मग चित्र बघा, लिहिलेलंच चित्र परत सांगत असेल तर पैसे वाया, चित्रात काहीतरी जास्तीचं पाहिजे, कोपऱ्यातलं मांजर वगैरे. आणि शेवटच्या पानावर तात्पर्य असेल तर सरळ परत ठेवा. बिरबल, इसाप आणि थोर पुरुषांची सोळा पानी चरित्रं यांनी आमची कपाटं भरलीत कारण ती स्वस्त पडतात आणि पुस्तकांची संख्या वाढलेली दिसते, पण ती घेताना कोणी वाचून बघितलेली नसतात हे पहिल्या पानावरच कळतं.

नावं घ्यायचीच तर थोडी घेते. अगदी लहानांना माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, 'राधाचं घर' सारखी, घरातल्याच माणसांबद्दल साधं बोलणारी, आणि त्यात उपदेश नाही. त्यांना 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा तरी आमच्या खरेदी समित्यांनी लक्ष द्यायला पाहिजे होतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून पळवतो, जुना झालाय, काही संदर्भ समजत नाहीत, पण फुरसुंगीचं पोरगं आहे, खेड्यातलं, सायकलवर बसलं की विषय संपला. आणि घरी शिकवायचं ठरवलेल्या आईबापांनी स्वतःसाठी 'तोत्तोचान' वाचावं, रेल्वेच्या डब्यात भरणाऱ्या जपानी शाळेची खरी गोष्ट आहे, नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत आणलीय. ते वाचून शाळेचा राग थोडा कमी होतो, म्हणून सांगते. शाळेत एक चांगला मुख्याध्यापक असला तर काय होतं ते त्यात आहे.

फुकटचं म्हणाल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक, नोव्हेंबर 1971 पासून निघतं, जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक तर आजही गोडीनं वाचले जातात. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर आहेतच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चार लेव्हलमध्ये, आणि त्या छापून वाटायलासुद्धा परवानगी आहे, काहींना दोन भाषांत एकत्र घेता येतं, ते इंग्लिश मीडियमच्या पोरांना लई उपयोगी कारण आमच्या तालुक्यात आता असं पोरगं घरोघर आहे ज्याला इंग्लिश धड येत नाही आणि मराठी वाचायचा कंटाळा येतो. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर पुस्तकांचा नुसता खजिना आहे आणि काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब, जुन्या झाकणांपासून खेळणी करायचे व्हिडिओ, त्यातलं एक करून बघा आणि मग त्या लाकडी ठोकळ्यांच्या किटची किंमत परत बघा.

इथं लोक मला अडवतात, "मॅडम, सगळं मोबाइलवर फुकट असेल तर वाचनालय कशाला?" अहो, मोबाइल कुणाचा? घरात एक, तो बापाच्या खिशात, बाप फडात. आला की पोरगं त्याच्यावर गोष्ट वाचेल की रील बघेल? आणि पीडीएफ शोधून, त्यातली बरी निवडून, तालुक्याला झेरॉक्स काढून, स्टेपल मारून लेकराच्या हातात द्यायला माणूस लागतो ना, ते माणूस म्हणजेच ग्रंथपाल. त्याला तेच काम सोडून बाकी सगळं करायला लावलंय. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, पोरांना ओळीनं बसवून हातात पुस्तक देऊन फोटो, फोटो झाला की पुस्तकं गोळा करून परत कपाटात, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

शाळेत ग्रंथालय असतंच की, असंही म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे खरं, प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, त्यात पेपर, मासिकं आणि गोष्टींचीसुद्धा पुस्तकं पाहिजेत असं स्पष्ट लिहिलंय. चांगले मास्तर असतील तिथं ते चालतं, काही झेडपी शाळांत तर लेकरांनीच लिहिलेले हस्तलिखित अंक इतके भारी आहेत की छापील पुस्तकं त्यापुढं फिकी पडतात, त्यात टँकर आहे, कापूस वेचणी आहे, बोंडअळी आहे, पुण्याच्या प्रकाशकांच्या पुस्तकात हे सहसा दिसत नाही, तिथल्या पोरांना बाल्कनी असते. पण बाकी ठिकाणी शाळेचं ग्रंथालय म्हणजे हेडमास्तरच्या खोलीतली पत्र्याची पेटी. आणि जे लेकरू दिवाळीला गावातच नसतं त्याला ती पेटी उघडी असून तरी काय उपयोग.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयानं दसऱ्याच्या आधी पुस्तकाच्या पिशव्या कराव्यात, एका पिशवीत वीसेक पातळ पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली, किशोरचे अंक, झेरॉक्स काढून शिवलेल्या गोष्टी, हजार-बाराशेत एक पिशवी होते. अनामत नाही, वर्गणी नाही, आधार कार्डाची झेरॉक्स नाही. पिशवी टोळीला द्यायची, एका घराला नको, म्हणजे दहा-बारा कोयत्यांची लेकरं मिळून वाचतील, आणि नोंद टोळीतल्या एखाद्या मोठ्या पोरीच्या नावानं करायची, मुकादमाच्या नावानं नाही, त्याच्याकडं आधीच खूप हिशोब असतात. पाडव्यानंतर जेवढी परत येतील तेवढी येतील. पाचटात गेली, पावसात भिजली, कोपीत चुलीला लागली, लागू द्या, दाखल रजिस्टरला शेरा मारायचा आणि पुढं चालायचं. बालविभागासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनसुद्धा मदत मिळते, कागद करावे लागतात एवढंच, आणि कागद करण्यात तर आपण कुणाला हार जात नाही.

लॅपटॉपवाल्या पालकांवर माझा राग नाही, उलट मला ते पाहिजेत. त्यांच्याकडं वेळ आहे, त्यांना प्रश्न विचारायची सवय आहे आणि ते सचिवाला घाबरत नाहीत. सार्वजनिक वाचनालय ही सभासदांची संस्था असते, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, तिथं चहा-भजी खाऊन सगळे घरी जातात. या तिथं सभासद म्हणून. बालविभागाला किती पुस्तकं आली हे विचारू नका, ते छापलेलं असतं, देवघेव किती झाली ते विचारा. गहाळ पुस्तकांचा ठराव तुम्हीच मांडा, मी मांडला तर माझ्यावर शेकेल. आणि शनिवारी तुमच्या लेकराला घेऊन व्हरांड्यात या, तो जे पुस्तक वाचेल ते बाकीच्या दहा जणांनाही ऐकू द्या, त्यालाही घरात एकटं बसून शिकण्यापेक्षा बरं वाटेल, हे मी बघितलंय म्हणून सांगते.

आणि हो, पुस्तकं दान करायची असतील तर जरूर करा, पण मागच्या वर्षीची गाईडं, अपेक्षित प्रश्नसंच आणि लग्नात आलेली पुस्तकं नकोत, त्याला रद्दीवाला आहे. किशोरचे जुने अंक असतील, चित्रांची पुस्तकं असतील, फाटकी असली तरी चालतील, डिंक आणि सेलोटेप आमच्याकडं आहे. शक्यतो पोळ्याच्या आधी आणून द्या, म्हणजे टोळ्या निघायच्या आत नोंदी होतील.